पावसाच्या पाण्याची घरगुती टांकी : काळ्या जमिनींत तिचा पाया व भोंवताल

छपरावर पडणारें पावसाचें पाणी सांठवून तें उन्हाळ्यांत पिण्यास वापरावें, ही कल्पना आपल्या प्रांतांत नवी नाहीं. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत पाण्याच्या टांक्यांस ‘पोढी’ म्हटलेलें आहे. हीं टांकीं डोंगराच्या अंगांत कोरून काढलेलीं आहेत. शिवनेरी किल्ल्यावरील गंगा व जमुना या टांक्यांत अद्यापि बारमास पाणी असतें. हीं टांकीं इतकीं टिकलीं याचें कारण कारागिराच्या हातांत जितकें आहे तितकेंच जागेंतहि आहे. तळ कातळाचा, बाजू कातळाच्या आणि भोंवतालची भूमिहि कातळाचीच. पाणी भरलें काय किंवा आटलें काय, खडक आपल्या जागेवरून हालत नाहीं.

आज आपण अंगणांत किंवा परसांत जी टांकी बसवितों तिला हें भाग्य नसतें. दख्खनच्या पठारावरील पुष्कळ गांवांत तिच्याखालीं काळी जमीन असते. आणि काळी जमीन ही आषाढांत व वैशाखांत सारखी राहणारी वस्तु नव्हे, हें शेतकऱ्यास कोणीं सांगावयास नको. जमिनीचा हा स्वभाव आपण पिकाच्या बाबतींत रोज विचारांत घेतों. परंतु टांकी बसवितांना मात्र दोनचार विटा मांडून किंवा चार घमेलीं वाळू पसरून आपण मोकळे होतों. पुढें एकदोन वर्षांत टांकी एका अंगास कलते, तोटीचा सांधा निखळतो, तळाशीं चीर पडते, आणि ऐन चैत्रांत सांठविलेलें पाणी एका रात्रींत मातींत जातें. असें होऊं नये म्हणून टांकीचा पाया व तिच्या भोंवतालची फरसबंदी कशी करावी याचें विवेचन आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों.

टांकी केवढी असावी?

पायाचा विचार करण्यापूर्वीं त्यावर काय ठेवावयाचें तें ठरविलें पाहिजे. पांच माणसांच्या कुटुंबास पिण्यास व स्वयंपाकास मिळून दिवसास सुमारें ५० लिटर पाणी लागतें असें धरूं. फाल्गुनापासून मृगाच्या पावसापर्यंतचे शंभर दिवस काढावयाचे तर ५,००० लिटर पाणी हाताशीं पाहिजे. आतां छपराकडे पाहूं. वीस फूट रुंद व पंचवीस फूट लांब अशा छपराचें क्षेत्र सुमारें ४६ चौरस मीटर भरतें. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. पठाराच्या अवर्षणी भागांत वर्षांत ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि उडून, झिरपून व प्रथम धुण्यांत पांचवा हिस्सा वायां गेला, तरी अशा छपरावरून सुमारें १८,४०० लिटर पाणी मिळतें. म्हणजे अवर्षणाच्या मुलखांतहि ५,००० लिटरची टांकी सहज भरते.

या शंभर दिवसांचें मोल काय असतें हें ज्यांनीं १९७२ चा दुष्काळ पाहिला त्यांस ठाऊक आहे. एप्रिल २०१६ मध्यें तर लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. विहीर आटली, बोअर कोरडा पडला, टँकरचा नेम राहिला नाहीं, अशा वेळीं घरची भरलेली टांकी ही घरांतल्या बायामाणसांची व लेंकरांची दोन मैलांची पायपीट वांचविते. म्हणून ती टांकी जिच्यावर उभी राहावयाची ती जमीन नीट तयार करणें हें काम गवंड्याच्या मर्जीवर सोडण्यासारखें नाहीं.

टांकीचा खरा शत्रु कोण?

५,००० लिटर पाण्याचें वजन ५,००० किलो, म्हणजे पन्नास क्विंटल. ज्वारीचीं शंभर किलोचीं पन्नास पोतीं सहा फूट व्यासाच्या वर्तुळांत एकावर एक रचून ठेवावीं, तेवढा हा भार. तो ऐकून पुष्कळांस असें वाटतें कीं, टांकी खचते ती या भारानेंच. परंतु हिशेब केला तर दुसरेंच निष्पन्न होतें. टांकींत पाण्याची उंची दोन मीटर असली तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर दोन टन भार येतो. घराच्या दगडी भिंतीच्या पायाखालीं यापेक्षां बराच अधिक भार येत असतो, आणि तीं घरें पिढ्यान् पिढ्या उभीं आहेत. तेव्हां नुसता भार हा टांकीचा मुख्य शत्रु नव्हे.

मुख्य शत्रु आहे तो टांकीखालच्या मातींतील असमान ओलावा. काळ्या मातींत स्मेक्टाइट वर्गाची चिकणमाती पुष्कळ असते. तिचे कण अत्यंत पातळ पापुद्र्यांचे असून पाणी मिळालें कीं तें त्या पापुद्र्यांमध्यें शिरतें व माती फुगते. पाणी उडून गेलें कीं ती आकसते व तिला भेगा पडतात. फुगण्याचा हा जोर इतका मोठा असतो कीं, भरलेली टांकीसुद्धां त्यास दाबून धरूं शकत नाहीं. सबंध तळाखालची माती एकसारखी फुगती व एकसारखी आकसती तर टांकी केवळ वरखालीं झाली असती आणि विशेष हानि झाली नसती. पण तसें होत नाहीं. एका बाजूस सांडव्याचें किंवा तोटीचें पाणी मुरतें, दुसऱ्या बाजूस ऊन लागून माती तडकते. एक बाजू वर येते, दुसरी खालीं बसते, आणि मधल्या मध्यें टांकीचा तळ पिळला जातो.

हें पाणी येतें कोठून? तें बहुतांशीं टांकीचेंच असतें. वरील हिशेबांत छपरावरून १८,४०० लिटर पाणी येतें व टांकींत ५,००० लिटर मावतें. पावसाळ्यांत आपण टांकीचें पाणी वापरलें नाहीं, तर उरलेलें १३,४०० लिटर, म्हणजे टांकीच्या अडीचपटीहून अधिक पाणी, दरवर्षीं सांडव्यावाटे बाहेर पडतें. तें टांकीच्या बुडाशींच पडूं दिलें तर आपण आपल्या हातानें पायाखालीं तळें केल्यासारखें होईल. उन्हाळ्यांत तोटीची गळती तेंच काम सावकाश करिते. सेकंदास एक थेंब गळणारी तोटी दिवसास पंधरा ते वीस लिटर पाणी घालविते. शंभर दिवसांत दीड ते दोन हजार लिटर, म्हणजे टांकीचा जवळजवळ तिसरा हिस्सा, मातींत गेला. शिवाय सर्व माती कोरडी असतांना तोटीखालची तेवढी माती ओली राहून फुगली.

म्हणून आमचें सांगणें एवढेंच आहे कीं, पाया आणि भोंवताल हीं दोन कामें निरनिराळीं समजूं नयेत. पाया कितीहि मजबूत केला आणि भोंवतालचें पाणी दूर नेलें नाहीं, तर केलेला खर्च फुकट जातो.

जागेची निवड

छपराच्या पन्हळीजवळची व अंगणाच्या उंच अंगाची जागा घ्यावी. घराची उत्तरेकडील किंवा पूर्वेकडील बाजू मिळाल्यास बरें. दुपारचें ऊन टळतें, पाणी गार राहतें व प्लास्टिकची टांकी अधिक दिवस टिकते. चौथऱ्याची कड व घराची भिंत यांत निदान चार फूट अंतर ठेवावें, म्हणजे टांकी गळली तरी तिचें पाणी घराच्या पायांत जाणार नाहीं. भिंत जुनी व मातीची असेल तर खड्डा तिच्यापासून आणखी दूर घ्यावा.

भरावाची जागा टाळावी. जुनें पेंव, बुजविलेला आड, उकिरड्याचा खड्डा किंवा पडक्या भिंतीची माती जेथें असेल तेथें जमीन वर्षानुवर्षें बसत राहते. घरांतील वृद्ध माणसांस अशा जागांची माहिती असते. खणण्यापूर्वीं त्यांस विचारावें. वड, पिंपळ, उंबर यांसारखीं झाडें जवळ असूं नयेत. त्यांचीं मुळें ओलाव्याचा माग काढीत टांकीखालीं येतात, आणि उन्हाळ्यांत त्या बाजूची ओल शोषून माती आकसवितात. झाडाची जेवढी उंची तेवढें अंतर सोडावें हा ठोकताळा बरा आहे. त्यानें पन्हळींत पडणारा पाचोळाहि कमी होतो. गुरें बांधण्याची जागा व शौचालयाचा शोषखड्डा यांपासूनहि टांकी दूर असावी.

कामाचा हंगाम

पुष्कळ लोक हें काम वैशाखांत काढतात, कारण तेव्हां शेतांत काम नसतें. परंतु त्या वेळीं काळी माती अगदीं आकसलेली व भेगाळलेली असते. अशा मातीवर पाया घातला कीं पहिल्या पावसांत ती फुगून त्यास उचलूं पाहते. श्रावण-भाद्रपदांत उलट स्थिति असते. जमीन पूर्ण फुगलेली असते व पुढें आकसून पाया पोकळ पडतो. या दोहोंच्या मधला काळ, म्हणजे जमीन वाफशावर असते तो मार्गशीर्ष ते माघ हा काळ, सर्वांत योग्य. पेरणीस जो वाफसा लागतो तोच खणण्यास व ठोकण्यासहि उपयोगी पडतो.

खड्डा व मुरूम

सहा फूट व्यासाच्या टांकीस नऊ फूट व्यासाचा खड्डा आंखावा, म्हणजे टांकीच्या कडेबाहेर दीड फूट जागा सर्व बाजूंनीं राहते. तीन फुटांच्या आंत मुरूम लागला तर त्यावरील सर्व काळी माती काढून टाकावी. मुरूम खोल असेल तर निदान तीन फूट माती काढावीच. काढलेली माती पुन्हां खड्ड्यांत घालण्याचा मोह धरूं नये; ती शेतांत किंवा बांधावर न्यावी.

खड्डा कशानें भरावा, येथें मोठी चूक होत असते. वाळू किंवा फोडलेला दगड भरला तर पाया भक्कम होईल असें सामान्यतः वाटतें. पण काळी माती पाणी लवकर सोडीत नाहीं. तिच्यांतील वाळूनें भरलेला खड्डा हा एका मोठ्या रांजणासारखा होतो. वरून आलेलें पाणी वाळूंतून चटकन् खालीं जातें व तेथेंच अडकून तळची काळी माती भिजवीत राहतें. म्हणून भरणी अशी पाहिजे कीं ती स्वतः फुगणार नाहीं आणि पाणीहि सहज आंत घेणार नाहीं. थोडी चिकट माती असलेला तांबडा किंवा पिवळसर मुरूम या दोन्ही गोष्टी साधतो. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेंतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनीं १९७० च्या दशकांत काळ्या मातींतील बांधकामांविषयीं संशोधन करून हेंच तत्त्व पुढें मांडलें: फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर दिला असतां खालच्या मातीचें फुगणें आटोक्यांत राहतें. काळ्या जमिनींतून जाणाऱ्या कालव्यांच्या कामीं ही पद्धत वापरण्यांत आली. घरगुती टांकीचें काम लहान असलें तरी तत्त्व तेंच आहे.

मुरूम सहा सहा इंचांच्या थरांनीं भरावा. प्रत्येक थरावर पाणी बेतानें शिंपडावें. मुठींत मुरूम दाबला असतां त्याचा लाडू व्हावा, बोटांतून पाणी निघूं नये, आणि लाडू जमिनीवर टाकतांच त्याचे दोनतीन तुकडे व्हावे, एवढी ओल पुरे. मग धुम्मसानें कडेपासून मध्याकडे थर ठोकून काढावा. ठोकल्यावर पहारेचें टोंक हातानें मारलें असतां तें इंचभरापलीकडे शिरूं नये. शिरल्यास पुन्हां ठोकावें. एका फुटाचा थर एकदमच घालून वरून ठोकणें हें काम केल्याचें समाधान आहे, काम नव्हे. खालचा मुरूम सैलच राहतो. तीन फूट खड्डा व वरील चौथरा मिळून सुमारें तीन ब्रास मुरूम लागतो.

मुरूम फार दुरून आणावा लागत असेल तर खड्ड्याच्या तळाची सहा इंच माती मोकळी करून तींत विरलेला चुना मिसळावा. शंभर किलो मातीस चार ते सहा किलो या प्रमाणानें चुना घालून ठोकल्यास काळ्या मातीचें फुगणें पुष्कळ कमी होतें. त्यावर जेवढा मिळेल तेवढा मुरूम घालावा.

चौथरा व वरचा थर

तोटीखालीं घागर किंवा हंडा सहज बसला पाहिजे, म्हणून चौथरा जमिनीपासून दीड फूट उंच घ्यावा. त्याची भोंवतालची कड आठ फूट व्यासाची, दगडाच्या सिमेंटी बांधकामाची असावी. हें बांधकाम जमिनीच्या पातळीखालीं एक फूट, ठोकलेल्या मुरुमावरून उचलावें, व आंतील पोकळींत मुरूम वरीलप्रमाणेंच थरांनीं ठोकून भरावा. दीड फुटाहून फार उंच चौथरा करावयाचा असल्यास जाणत्या अभियंत्याचा सल्ला घेणें इष्ट. उंचीबरोबर बाजूंवरील रेटा वाढतो.

चौथऱ्यावर पांच इंच जाडीचा सिमेंट काँक्रीटचा थर द्यावा. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग खडी हें प्रमाण ठेवावें. आठ मिलिमीटरच्या सळया सहा इंचांवर उभ्याआडव्या बांधून त्या इंच-दीड इंच जाडीच्या ठोकळ्यांवर उचलून ठेवाव्या; मुरुमावर तशाच पडलेल्या सळया गंजून जातात व उपयोगी पडत नाहींत. एवढ्या कामास सुमारें चार पोतीं सिमेंट व पंचवीस किलो सळई पुरते. काँक्रीटमध्यें पाणी जास्त घालूं नये. तें घातलें म्हणजे माल पसरण्यास सोपा जातो, पण थर दुबळा होतो.

थराची पातळी पारदर्शक नळींत पाणी भरून चारी बाजूंनीं पाहावी. प्लास्टिकच्या टांकीस सबंध तळभर सपाट आधार पाहिजे. विटांच्या रांगा, दोन फरशांमधील फट, लोखंडी सांगाड्याच्या दूर दूर असलेल्या पट्ट्या, यांवर अशी टांकी ठेवल्यास आधार नसलेल्या जागीं तळ खालीं ओढला जाऊन कालांतरानें फाटतो. हरभऱ्याएवढा खडा तळाखालीं राहिला तरी तो भरल्या टांकीस टोंचतो. म्हणून टांकी ठेवण्यापूर्वीं चौथरा झाडून घ्यावा.

काँक्रीट घातल्यापासून निदान दहा दिवस तें गोणपाटानें झांकून ओलें ठेवावें. टांकी दोन आठवड्यांनीं ठेवण्यास हरकत नाहीं, परंतु ती पूर्ण भरण्यास महिनाभर थांबावें. माघांत काम आटोपलेलें असलें म्हणजे मृगापूर्वीं हा अवधि सहज मिळतो.

भोंवतालची फरसबंदी

आतां दुसऱ्या अर्ध्या कामाकडे वळूं. चौथऱ्याभोंवतीं चार फूट रुंदीची फरसबंदी करावी. खड्ड्याची कड चौथऱ्याबाहेर अर्धा फूट असते. मुरूम व काळी माती यांच्या या सांध्यांतूनच पाणी खालीं उतरतें. फरसबंदीनें तो सांधा पूर्ण झांकला जातो व त्यापलीकडची तीनसाडेतीन फूट काळी जमीनहि ऊनपावसापासून राखली जाते. त्यामुळें ओलाव्याचा चढउतार टांकीपासून दूर राहतो.

फरसबंदीखालीं वरची सहा इंच काळी माती काढून मुरूम ठोकावा व त्यावर शहाबादी फरशी सांधे भरून बसवावी, किंवा तीन इंच काँक्रीट चार चार फुटांच्या तुकड्यांनीं घालावें. उतार बाहेरच्या बाजूस दर फुटास अर्धा इंच ठेवावा. चार फुटांत दोन इंच उतार मिळतो व पाणी थांबत नाहीं. फरसबंदी चौथऱ्यास जखडूं नये. दोहोंमध्यें अर्ध्या इंचाची फट ठेवून ती डांबरानें भरावी. बाहेरची जमीन थोडी वरखालीं झालीच, तर फरसबंदी हालेल पण चौथऱ्यास ओढणार नाहीं. काँक्रीटच्या तुकड्यांमधील फटीहि अशाच भराव्या.

फरसबंदीच्या बाहेरील कडेस उघडी नाली काढून ती उताराच्या दिशेनें पंधरावीस फूट दूर न्यावी. केळी, लिंबू किंवा परसांतील भाजीपाला यांस हें पाणी चांगलें उपयोगी पडतें. घराजवळ विहीर असल्यास सांडव्याचें स्वच्छ पाणी वाळू-खडीच्या गाळणींतून विहिरीकडे वळवावें. तोटीखालचें खरकटें पाणी मात्र त्यांत मिसळूं देऊं नये.

सांडव्याचा नळ आंत येणाऱ्या नळापेक्षां लहान असूं नये. जोराच्या सरींत मिनिटास एक मिलिमीटर पाऊस पडला तर आपल्या छपरावरून मिनिटास ४६ लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे तीन हंडे पाणी येतें. इंचभर नळांतून एवढें पाणी सुखानें जाईल अशी आशा करणें व्यर्थ आहे. तें टांकीच्या तोंडावरून उसळून थेट पायाशीं येतें. चार इंची नळ घालून त्याचें तोंड नालींत सोडावें. पन्हळीचा नळ भिंतीस बांधावा, टांकीस नव्हे. व टांकींत शिरण्यापूर्वीं हातभर लवचिक नळी जोडावी, म्हणजे टांकी किंचित् हालली तरी सांधा तुटत नाहीं.

तोटीखालीं खोलगट दगड बसवून त्याचें पाणी नालीस जोडावें. नालींत किंवा फरसबंदीवर डबकें राहूं देऊं नये. डेंग्यू पसरविणारा एडिस डांस सांठलेल्या स्वच्छ पाण्यांत अंडीं घालतो, व उष्ण हवेंत आठदहा दिवसांत नवे डांस तयार होतात. याकरितां टांकीचें झांकण घट्ट असावें, सांडव्याच्या तोंडास बारीक जाळी असावी, आणि लहान मुलें असलेल्या घरीं झांकणास कुलूप असावें. पहिल्या पावसाचें शेंपन्नास लिटर पाणी छपरावरील धूळ व पांखरांची घाण घेऊन येतें. तें टांकींत न घेतां बाहेर सोडावें.

जमिनीखालील टांकी व इतर जमिनी

जमिनीखालीं टांकी घातल्यास पाणी गार राहतें हें खरें. परंतु काळ्या जमिनींत अशी टांकी प्लास्टिकची किंवा अर्ध्या विटेच्या भिंतीची करूं नये. पावसाळ्यांत फुगलेली माती बाजूंवर रेटा देते, आणि भोंवतालच्या जमिनींत पाणी भरलें असतां रिकामी टांकी होडीसारखी वर उचलली जाते. ५,००० लिटरच्या टांकीवरील ही उचल पन्नास क्विंटलपर्यंत जाऊं शकते. अशी टांकी सळयांच्या काँक्रीटची, अभियंत्याच्या आंखणीप्रमाणें व पावसाळ्यांत कधींहि रिकामी न ठेवण्याच्या निश्चयानेंच करावी.

मुरमाड माळावर राहणाऱ्यांस खोल खणण्याचें कारण नाहीं. वरची सैल माती काढून चौथरा बांधला म्हणजे झालें. कोंकणांत जांभ्याचा पाया आयता मिळतो, परंतु पाऊस पठाराच्या कित्येकपट असल्यामुळें सांडव्याची व नालीची व्यवस्था तेथें अधिकच मोठी लागते. फरसबंदीवांचून कोणत्याहि जमिनीचें चालत नाहीं.

वार्षिक पाहणी

टांकी बसवितांना चौथऱ्याच्या कडेवर चार दिशांस चार खुणा कराव्या व पाण्याच्या नळीनें त्यांची परस्पर पातळी पाहून ती वहींत तारखेसह लिहून ठेवावी. पुढें दरवर्षीं दोनदां, मृगापूर्वीं व दिवाळीनंतर, तीच पाहणी करावी. समोरासमोरच्या खुणांत इंचाहून अधिक फरक पडला तर टांकी रिकामी करून कारण शोधावें. बहुधा तें गळक्या तोटींत, तुंबलेल्या नालींत किंवा फुटलेल्या सांध्यांत सांपडेल. भरलेल्या टांकीखालीं पहार घालून ती सरळ करण्याचा प्रयत्न कोणीं करूं नये. पन्नास क्विंटलचा भार माणसाच्या अंगावर येण्याचा तो मार्ग आहे. फरसबंदीबाहेरील जमिनीस उन्हाळ्यांत ज्या भेगा पडतील त्या पावसापूर्वीं बारीक मुरुमानें बुजवाव्या, व डांबराचे सांधे उकलले असल्यास पुन्हां भरावे. या सर्व कामास अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागत नाहीं.

तीन ब्रास मुरूम, चार पोतीं सिमेंट, पंचवीस किलो सळई, चौथऱ्याचा दगड, थोड्या फरशा आणि त्यांस लागणारी वाळू, खडी व सिमेंट, एवढ्या सामानांत व गवंड्याच्या मदतीनें घरच्या दोन माणसांच्या आठपंधरा दिवसांच्या श्रमांत हें काम होण्यासारखें आहे. ज्या शेतकऱ्यास आपल्या शेतांतील पाण्यानें बांध कोठें फोडला व कां फोडला हें पाहतांक्षणीं कळतें, त्यास टांकीखालच्या पाण्याची वाट ओळखणें अवघड नाहीं. यंदां ज्यांस टांकी बसवावयाची असेल त्यांनीं ती विकत आणण्यापूर्वीं अंगणांत हातभर खणून माती पाहावी, आणि सांडव्याचें पाणी कोणीकडे जाईल तें ठरवावें. टांकी आणणें हें त्यानंतरचें काम आहे.